गजानन माधव मुक्तिबोध : ओढग्रस्तीचे आयुष्य आणि अखेरचे आजारपण

रेल्वेमार्गाने उज्जैन शहराचे दोन भाग केले आहेत. एकीकडे महाकाल, बायजाबाई शिंद्यांनी उभारलेले गोपाळमंदिर, क्षिप्रेचे घाट आणि जुन्या पेठा. दुसरीकडे शिंदे सरकारच्या अमदानीत आखला गेलेला माधवनगरचा भाग. माधवनगर हे नाव कागदोपत्रीच राहिले आणि लोकांच्या तोंडी फ्रीगंज रूढ झाले. या फ्रीगंजमधल्या टावर चौकात येणाऱ्याजाणाऱ्या मराठी माणसाला मुक्तिबोध हे नाव सहसा दोन वाटांनी भेटलेले असते. हिंदीच्या पाठ्यपुस्तकातून थोरले गजानन माधव, आणि मराठी ग्रंथालयाच्या कपाटातून धाकटे शरच्चंद्र. एकाच घरातील दोन सख्ख्या भावांनी दोन भाषांच्या नव्या काव्याला वळण द्यावे, हा योग भारतीय वाङ्मयात विरळाच. शरच्चंद्रांची ‘क्षिप्रा’ ही कादंबरी 1954 साली प्रसिद्ध झाली आणि या नदीचे नाव मराठी कादंबरीच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. प्रस्तुत लेख मात्र थोरल्या बंधूंविषयी आहे. आणि त्यांच्या काव्यापेक्षाही ज्या शरीराने आणि मनाने ते काव्य वाहिले, त्याविषयी अधिक आहे.

मुक्तिबोधांचे घराणे मूळचे खानदेशातले, जळगावकडचे कुलकर्णी. पूर्वजांपैकी कोणी अध्यात्मपर ग्रंथ लिहिला आणि त्यावरून मुक्तिबोध हे आडनाव पडले, अशी कुलपरंपरा सांगितली जाते. पणजोबा खानदेश सोडून ग्वाल्हेर संस्थानात आले. वडील माधवराव हे संस्थानच्या पोलीस खात्यात अधिकारी होते. करारी, निःस्पृह आणि म्हणूनच निवृत्तीच्या वेळी फारशी गंगाजळी नसलेले. मातोश्री पार्वतीबाई बुंदेलखंडाकडच्या. शिक्षण बेताचे, परंतु वाचनाची ओढ विलक्षण. हरि नारायण आपटे आणि प्रेमचंद हे त्यांचे दोन आवडते कादंबरीकार. ज्या घरात ‘पण लक्षात कोण घेतो?’चा कर्ता आणि ‘गोदान’चा कर्ता एकाच आदराने वाचले जात होते, त्या घरातील एका मुलाने मराठीत आणि दुसऱ्याने हिंदीत लिहावे, यात मग नवल वाटत नाही. प्रेमचंदांची भक्ती आपल्याला आईकडून मिळाली, हे मुक्तिबोधांनी पुढे स्वतंत्र लेख लिहून सांगितले आहे.

13 नोव्हेंबर 1917 रोजी श्योपूर येथे गजाननरावांचा जन्म झाला. वडिलांच्या बदल्यांबरोबर शाळा बदलत राहिली आणि अभ्यासाची घडी बसली नाही. 1930 साली उज्जैनला मिडलच्या परीक्षेत अपयश आले. पुढे माधव कॉलेजातून इंटर आणि इंदूरच्या होळकर कॉलेजातून 1938 साली बी. ए. झाले, त्याही परीक्षेत एकदा अनुत्तीर्ण होऊन. परीक्षेतील हे अपयश बुद्धीचे नव्हते. कवितेचा नाद लागला होता, खांडव्याहून निघणाऱ्या माखनलाल चतुर्वेदींच्या ‘कर्मवीर’मधून कविता छापून येऊ लागल्या होत्या, आणि उज्जैनचे रस्ते, क्षिप्रेचा काठ, रात्रीची एकाकी भटकंती यांत मन अधिक रमत होते. रात्री चालण्याची ही सवय त्यांनी जन्मभर सोडली नाही. त्यांच्या दीर्घ कवितांतून निर्जन रस्ते, पडकी विहीर, जिने, तळघरे आणि धुके पुन्हा पुन्हा येतात, त्याचे बीज या माळव्यातील रात्रींत आहे असे मानावयास हरकत नसावी.

1939 साली त्यांनी शांताबाईंशी प्रेमविवाह केला. घरच्यांची त्याला संमती नव्हती. पोलीस अधिकाऱ्याच्या थोरल्या मुलाने, ज्याच्यावर घराची सारी आशा होती त्याने, नोकरीचे बस्तान बसण्यापूर्वीच असा विवाह करणे हे त्या काळच्या मध्यमवर्गीय मराठी कुटुंबास मानवणारे नव्हते. तेव्हापासून मुक्तिबोधांच्या आयुष्यात नोकरी, पगार आणि घरखर्च यांचे जे दुष्टचक्र सुरू झाले ते वीस वर्षे थांबले नाही.

ही वीस वर्षे नुसती गावांच्या नावांनी मोजली तरी दमछाक होते. बडनगर, शुजालपूर, उज्जैन, बनारस, जबलपूर, नागपूर. शाळेत मास्तरकी, मासिकात उपसंपादकी, दैनिकात नोकरी, पुन्हा शाळा, मग सरकारी माहिती खाते, आकाशवाणी, साप्ताहिक. शुजालपूरच्या शारदा शिक्षा सदनात नेमिचंद्र जैन यांची मैत्री लाभली आणि मार्क्सवादाशी निकटचा परिचय झाला. 1942च्या आंदोलनात ती संस्था बंद पडल्यावर ते उज्जैनला परतले आणि येथील मॉडेल स्कूलमध्ये शिकवू लागले. उज्जैनमधील ही तीन वर्षे त्यांच्या वाङ्मयीन आयुष्यातली मोलाची. मध्य भारत प्रगतिशील लेखक संघाची उभारणी त्यांनी येथूनच केली. प्रभाकर माचवे त्याच सुमारास माधव कॉलेजात अध्यापक होते. 1943 साली अज्ञेयांनी संपादित केलेला ‘तार सप्तक’ प्रसिद्ध झाला. आधुनिक हिंदी कवितेचा नवा अध्याय ज्या ग्रंथाने सुरू झाला असे मानले जाते, त्यातील सात कवींपैकी मुक्तिबोध आणि माचवे हे दोघे मराठी मातृभाषेचे. आणि क्रमाने पहिले स्थान मुक्तिबोधांचे. उज्जैनच्या मराठी समाजाला याचा जितका अभिमान वाटावयास हवा तितका वाटलेला दिसत नाही. हिंदीत गेला तो आपला राहिला नाही, अशी एक समजूत आपल्याकडे नकळत रुजलेली आहे.

1945 साली ते बनारसला ‘हंस’ मासिकात गेले. प्रेमचंदांनी सुरू केलेले मासिक, काशीसारखे विद्यापीठ. परंतु पगार इतका तुटपुंजा की वर्षभरात तेथून निघणे भाग पडले. जबलपूर झाले आणि 1948 साली नागपूर. नागपूरची दहा वर्षे म्हणजे मुक्तिबोधांच्या शरीराची झीज प्रकर्षाने सुरू झाली तो काळ. त्यांनी नेमिचंद्र जैन यांना लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झाली आहेत. ती वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. या पत्रांत काव्यचर्चा आहे, राजकारण आहे, मित्रप्रेम तर ओसंडून वाहते. परंतु त्या साऱ्यांच्या खालून उसनवारीचा, थकलेल्या देण्यांचा आणि घरातल्या आजारपणांचा एक संथ प्रवाह अखंड वाहतो आहे. मुलाबाळांचा वाढता संसार, लहान घर, दिवसा नोकरी आणि रात्री लेखन. झोप अपुरी, जेवण वेळीअवेळी; चहा आणि बिडी यांच्या आधारावर रात्र काढावयाची. बिडी ओढणारे, हाडे वर आलेल्या गालांचे मुक्तिबोध आज त्यांच्या छायाचित्रामुळे हिंदी जगताच्या स्मरणात कोरले गेले आहेत. त्या छायाचित्राकडे काव्यात्म दृष्टीने पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. डॉक्टराच्या दृष्टीने पाहिले, तर तो एका खंगत चाललेल्या माणसाचा चेहरा आहे.

दीर्घकाळ चाललेली विवंचना शरीराचे काय करते, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. चिंतेने रोग होतो असे आपले वाडवडील म्हणत आणि आधुनिक वैद्यक त्याला सरसकट मान्यता देत नाही. क्षयाचे कारण क्षयाचे जंतू. 1882 साली रॉबर्ट कॉख यांनी ते शोधून काढले, तेव्हापासून याविषयी वाद उरला नाही. परंतु जंतू शरीरात शिरलेल्या प्रत्येकास क्षय होत नाही. बहुसंख्यांच्या शरीरात तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. प्रतिकारशक्ती खचली की डोके वर काढतो, आणि ती खचविणाऱ्या गोष्टी म्हणजे अपुरे अन्न, कोंदट आणि दाटीची वस्ती, धूम्रपान. विवंचनेचा मार्ग आडवळणाचा असतो. ती झोप खाते, भूक मारते, बिड्यांची संख्या वाढविते आणि डॉक्टराकडे जाणे पुढच्या महिन्यावर ढकलते. मुक्तिबोधांच्या नागपुरातील जीवनक्रमात यांतील बहुतेक गोष्टी एकत्र आल्या होत्या. त्यांच्या अखेरच्या रोगाचे मूळ नेमके याच काळात होते असा निर्वाळा कोणी देऊ शकणार नाही; तथापि भूमी तयार झाली होती, एवढे म्हणता येते.

याच नागपुरात त्यांनी हिंदीची एम. ए. पदवी घेतली, ‘नया खून’ या साप्ताहिकातून राजकीय लेखन केले आणि काही अत्यंत समर्थ कविता लिहिल्या. कष्टाने प्रतिभा उजळते असा निष्कर्ष यातून काढण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. मुक्तिबोधांच्या कागदांत अपूर्ण राहिलेल्या कविता, मध्येच तुटलेल्या कथा आणि पुन्हा पुन्हा लिहिलेले खर्डे इतके आहेत की, दारिद्र्याने त्यांना काय दिले यापेक्षा काय हिरावून घेतले याचाच हिशेब मोठा व्हावा.

1958 साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी प्रथमच स्थिर नोकरी, बरा पगार आणि राहावयास ऐसपैस जागा मिळाली. महाविद्यालय जुन्या राजवाड्यात होते आणि त्याच आवारात मुक्तिबोधांचे बिऱ्हाड. शेजारी तलाव आणि घरात चक्राकार जिना. ‘अंधेरे में’ आणि ‘ब्रह्मराक्षस’ यांच्या वाचकाला ही वास्तू पाहताना आपण एखाद्या कवितेतच शिरलो आहोत असा भास होतो. लेखनाला बहर आला. ‘कामायनी : एक पुनर्विचार’ हा त्यांचा समीक्षाग्रंथ 1961 साली प्रसिद्ध झाला. दीर्घ कवितांचे पुनर्लेखन चालू होते. उणीपुरी चार वर्षे संसाराचे गाडे रुळावर चालले.

मग ते पुस्तक आले. ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले पाठ्यपुस्तक. कवीने पाठ्यपुस्तक का लिहावे, तर चार पैसे मिळावेत म्हणून. यात लपविण्यासारखे काही नाही. परंतु मुक्तिबोधांनी तेही मन लावून, स्वतःच्या दृष्टीने लिहिले. पुस्तकातील काही मजकुराने धार्मिक भावना दुखावतात असा आक्षेप घेऊन त्याविरुद्ध चळवळ उभी राहिली आणि सप्टेंबर 1962 मध्ये मध्य प्रदेश शासनाने पुस्तकावर बंदी घातली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. आर्थिक आशा तर मावळलीच; परंतु त्याहून मोठा आघात मनावर झाला. आपण ज्या राज्यात जन्मलो, वाढलो, शिकविले, त्याच राज्याने आपले पुस्तक गुन्हा ठरवावे, हे त्यांना सोसले नाही. मित्रांच्या आठवणींतून या काळातले मुक्तिबोध दिसतात ते सतत अस्वस्थ, कोणीतरी आपल्या मागावर आहे अशा शंकेने ग्रासलेले, देशावर काही भयंकर येऊ घातले आहे असे आवर्जून सांगणारे. ‘अंधेरे में’मधील मध्यरात्रीची ती भीषण मिरवणूक आणि पाठलाग यांना या मनःस्थितीपासून वेगळे काढता येत नाही. कविता आधीपासून आकार घेत होती हे खरे. परंतु कवितेतली भीती आता प्रत्यक्ष घरात येऊन बसली होती.

17 फेब्रुवारी 1964 रोजी राजनांदगाव येथे त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वय अवघे सेहेचाळीस. प्रथमतः हा साधा पक्षाघात वाटला. मित्रांनी धावपळ केली. हरिशंकर परसाई त्यांत अग्रभागी होते. शासनाच्या साहाय्याने त्यांना भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात हलविण्यात आले. ज्या शासनाने दीड वर्षापूर्वी पुस्तकावर बंदी घातली होती, तेच आता लेखकाच्या औषधोपचाराचा भार उचलत होते. यातला विरोधाभास मुक्तिबोधांच्या मित्रांना जाणवल्यावाचून राहिला नसेल. पण त्या वेळी वाद घालण्यास कोणास सवड नव्हती.

निदान झाले ते मेंदूच्या आवरणाला झालेल्या क्षयाचे. हा रोग दबक्या पावलांनी येतो. कित्येक आठवडे केवळ डोकेदुखी, बारीक ताप, अन्नावरची वासना उडणे, चिडचिड; ज्याच्या आयुष्यात थकवा आणि डोकेदुखी ही रोजचीच आहेत अशा माणसास यात वेगळे काही जाणवतही नाही. पुढे मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांना सूज येते, मेंदूतील द्रवाचा मार्ग अडतो आणि मग एखाद्या दिवशी हातपाय लुळे पडतात किंवा शुद्ध हरपते. झटका अकस्मात आला असे घरच्यांना वाटते, पण रोग कधीच घरात शिरलेला असतो.

1964 साली या रोगावर औषध नव्हते असे नाही. 1943 साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला होता, 1952 पासून आयसोनियाझिड उपलब्ध होते. त्यापूर्वी हा रोग म्हणजे निश्चित मृत्यूच असे. 1959 साली तर आपल्याच देशात, मद्रासच्या क्षय उपचार केंद्रातील प्रयोगाने सिद्ध केले की, फुप्फुसाच्या क्षयाचे गरीब रुग्ण दाटीच्या घरात राहून, निकृष्ट अन्नावरही, नियमित औषधाने सॅनिटोरियममधील रुग्णांइतकेच बरे होतात. हा निष्कर्ष साऱ्या जगात गाजला. तो लक्षात घेतला म्हणजे मुक्तिबोधांच्या प्रकरणातील दुःख अधिकच गडद होते. दारिद्र्याने रोगाला वाट दिली असेल. परंतु रोग बरा होण्याच्या आड केवळ दारिद्र्य येत नव्हते. आड आला तो काळ. मेंदूच्या क्षयात रुग्ण शुद्धीवर असताना उपचार सुरू झाले तर आशा असते. गुंगी आणि बेशुद्धी आल्यानंतर ती झपाट्याने मावळते. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनाही 1948 साली अमेरिकेहून स्ट्रेप्टोमायसिन आणवून दिले होते. त्यांच्या प्रकृतीला ते औषध सोसले नाही आणि 1950 साली त्यांचे निधन झाले, वय सेहेचाळीसच.

भोपाळमध्ये प्रकृतीला उतार पडेना. जून 1964 मध्ये लालबहादूर शास्त्री नुकतेच पंतप्रधान झाले होते. हरिवंशराय बच्चन आणि अन्य साहित्यिकांनी त्यांची भेट घेतली आणि मुक्तिबोधांना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आणण्याची व्यवस्था झाली. ज्या कवीचे नाव दिल्लीच्या साहित्यवर्तुळाबाहेर फारसे कोणास ठाऊक नव्हते, त्याचे आजारपण ही आता राष्ट्रीय वार्ता झाली. शमशेर बहादुर सिंह, श्रीकांत वर्मा, अशोक वाजपेयी आदी कवी रुग्णालयात येत-जात राहिले. शांताबाई उशाशी होत्या. पंचवीस वर्षांच्या संसारात गावोगावची बिऱ्हाडे बांधणाऱ्या आणि सोडणाऱ्या या बाईंचा उल्लेख मुक्तिबोधांवरील ग्रंथांत जेवढा यावयास हवा तेवढा आलेला नाही. दीर्घ आजार एका माणसाला होतो आणि भोगतो तो सारा संसार. त्या महिन्यांत मुलांचे शिक्षण, रुग्णालयातील जागरणे आणि पुढचा अंधार हे सारे त्यांच्या वाट्याला आले.

मुक्तिबोध दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत होते. 11 सप्टेंबर 1964 रोजी त्यांनी दिल्लीतच देह ठेवला. अंत्ययात्रेत चित्रकार मकबूल फिदा हुसेन होते. त्या दिवसापासून त्यांनी पादत्राणे सोडली अशी हकिकत सांगितली जाते. कलावंतांच्या जगातील ही हकिकत खूपच लोकप्रिय झालेली आहे.

मुक्तिबोधांच्या हयातीत त्यांचा एकही स्वतंत्र कवितासंग्रह निघाला नाही. ते रुग्णशय्येवर असताना मित्रांनी त्यांच्या कविता एकत्र करण्याचे काम हाती घेतले आणि ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा संग्रह भारतीय ज्ञानपीठाने 1964 सालीच, कवीच्या निधनानंतर, प्रसिद्ध केला; त्याला शमशेर बहादुर सिंह यांची प्रस्तावना आहे. कथा, लघुकादंबरी आणि निबंध नंतरच्या वर्षांत एकेक करून बाहेर आले. 1980 साली नेमिचंद्र जैन यांनी समग्र वाङ्मयाचे सहा खंड संपादित केले. शुजालपूरच्या शाळेत जडलेली मैत्री अशी शेवटपर्यंत निभावली गेली. त्याच्या आदल्या वर्षी, 1979 साली, धाकटे बंधू शरच्चंद्र यांना ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या मराठी ग्रंथासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. ‘अंधेरे में’ ही ज्या एका कवितेसाठी मुक्तिबोधांचे नाव आज सर्वाधिक घेतले जाते, ती हैदराबादच्या ‘कल्पना’ मासिकात नोव्हेंबर 1964च्या अंकात आली. तो त्यांच्या जन्माचा महिना. त्यांना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.